पुढच्यास ठेच

"काळ आला होता; पण वेळ आली नव्हती." आपल्या मराठी घरांत हे वाक्य किती सहजपणे उच्चारले जाते! मोटार अंगावर येता येता राहिली, विहिरीच्या काठावरून पाय घसरला आणि हाताला दोर लागला, की घरी परतलेला माणूस घोटभर पाणी पितो आणि हे वाक्य बोलतो. ऐकणारे हात जोडतात. ख्रिस्ती घरात क्रुसाची खूण केली जाते आणि "देवाने वाचवले" असे म्हटले जाते. मग चहा येतो आणि विषय संपतो. विषय तेथेच संपावा काय, हा प्रश्न एका शरद ऋतूपासून आमच्या मनात घर करून राहिला आहे. त्याला कारण झालेला प्रसंग अगदी लहान आहे. वर्तमानपत्रात त्याची दोन ओळींची बातमीही आली नाही. परंतु ज्या प्रसंगाने आम्हांला आमच्याच प्रवचनाची लाज वाटावयास लावली, तो वाचकांपुढे मांडणे आम्ही कर्तव्य समजतो.

पन्नाशी ओलांडल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने आम्ही पुन्हा सायकल हाती घेतली. सेमिनरीत असताना सायकल ही गरज होती; आता ती औषध झाली. नाशिक शहराला सायकलीचे वेड आहेच. २०१५ साली डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या नाशिकच्या बंधूंनी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली, तेव्हापासून तर या वेडाला मानही मिळाला. पहाटे गंगापूर रस्त्याने, त्र्यंबकच्या वाटेने शिरस्त्राण घातलेले सायकलस्वार थव्याथव्यांनी जाताना दिसतात. पण त्याच रस्त्याने आणखी एक सायकल जात असते. तिच्या मागे दुधाच्या कॅन असतात, कामावर निघालेल्या मजुराचा डबा असतो किंवा शाळेत निघालेल्या मुलीचे दप्तर असते. ही मंडळी हौसेने नव्हे, तर गरजेपोटी सायकल चालवतात. त्यांच्या डोक्यावर शिरस्त्राण नसते आणि ती पडली तर तो दिवस बुडतो.

शरद ऋतू म्हटला की आपल्याला निरभ्र आकाश आणि कोजागरीचे चांदणे आठवते. पाश्चात्त्य देशांत या दिवसांत झाडांची पाने गळतात आणि ओल्या पानांचा थर तेथील सायकलस्वारांचा वैरी होतो. आपल्याकडे पानगळ शिशिरातली. म्हणून आपले शरदातले रस्ते निर्धोक आहेत, असे मात्र नव्हे. परतीचा पाऊस अवेळी येऊन रस्ता भिजवून जातो. शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर काळी माती डांबरावर येते आणि पावसाच्या चार थेंबांनी तिचे लोणी होते. टोमॅटोचा हंगाम ऐन भरात असतो. क्रेटमधून पडलेली फळे चाकांखाली चिरडून रस्त्यावर त्यांचा लगदा पसरतो. दसरा होऊन गेलेला असतो, त्यामुळे चौकाचौकांत न विकल्या गेलेल्या झेंडूचे कुजके ढीग आणि फोडलेल्या कोहळ्यांच्या फोडी पडलेल्या असतात. पावसाळ्यात पडलेले खड्डे बुजवताना टाकलेली बारीक खडी सुटून वळणावर पसरलेली असते. आणि याच दिवसांत नाशिकच्या द्राक्षबागांची ऑक्टोबर छाटणी चालते. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, हातभर लांबीच्या हजारो काड्या छाटल्या जातात. त्या बांधावर ओढून टाकतात आणि बांध रस्त्याला लागून असला, की त्यांतल्या काही रस्त्यावर येतात.

मोटारीत बसलेल्याला यातले काही जाणवत नाही. सायकलीचे चाक मात्र जमिनीला टेकते ते दोन-तीन बोटांएवढ्या जागेवर. तेवढ्याच जागेच्या पकडीवर माणूस आपला तोल सांभाळीत असतो. ओल्या रस्त्यावर आडव्या पडलेल्या काडीवर चाक गेले, की काडी पोळपाटावरच्या लाटण्यासारखी फिरते आणि चाक तिच्याबरोबर सरकते. मागचे चाक सरकले तर कदाचित सावरता येते. पुढचे सरकले तर सावरायला अवसर उरत नाही. घाबरून ब्रेक दाबावा, तर राहिलेली पकडही सुटते.

आमच्या धर्मग्रामातील काही कुटुंबे गिरणाऱ्याच्या बाजूस मळ्यांतून राहतात. महिन्यातून एका रविवारी तेथे पवित्र मिस्सा होते. ऑक्टोबर महिना होता, म्हणजे आपला जपमाळेचा महिना. आदल्या रात्री पाऊस झाला होता. आम्ही सकाळी सायकलीने निघालो. एका उताराच्या वळणावर काळा चिखल, टोमॅटोचा लगदा आणि त्यात विखुरलेल्या द्राक्षाच्या काड्या, असे सर्व एकत्र आले होते. आम्हांला दिसले तेव्हा उशीर झाला होता. मागचे चाक एकाएकी उजवीकडे सरकले. समोरून क्रेट भरलेला ट्रॅक्टर येत होता. पुढे काय केले ते आम्हांला सांगता येणार नाही, कारण आम्ही काहीच केले नाही. हँडल घट्ट धरून राहिलो एवढेच. ट्रॅक्टरचे मोठे चाक आमच्या कोपरापासून वीतभर अंतरावरून निघून गेले. सायकल डगमगली, सावरली आणि उतारावरून पुढे गेली. हृदय इतके धडधडत होते, की थांबण्याचेही सुचले नाही. "प्रभो, तुझे उपकार" असे मोठ्याने म्हणत आम्ही पायडल मारीत राहिलो.

त्या दिवशी मिस्सामध्ये आम्ही तयार केलेले प्रवचन बाजूला ठेवले आणि ताजा अनुभव सांगितला. देव आपल्या दूतांना आपल्याविषयी आज्ञा देतो, आपला पाय दगडाला लागू नये म्हणून ते आपणांस हातांवर झेलतात, या आशयाचे स्तोत्र आम्ही आठवून दिले. लोक तल्लीन होऊन ऐकत होते. असे प्रवचन क्वचितच साधते, असे समाधान आमच्या मनात होते, हे कबूल केले पाहिजे.

मिस्सानंतर चहाच्या वेळी एक वृद्ध आजी जवळ आल्या. जन्मभर मळ्यात राबलेल्या, अक्षरओळख नसलेल्या. त्यांनी आमचा हात हातात घेतला, देवाचे आभार मानले आणि साधेपणाने विचारले, "फादर, मंग त्या काड्या बाजूला सारल्या का तुमी?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते.

परतताना त्या वळणावर आम्ही उतरलो. काड्या नव्हत्या. कोणीतरी त्या ओढून चरात टाकल्या होत्या आणि चिखलावर मुरूम पसरला होता. रस्त्याच्या कडेला दुधाचा पांढरा ओघळ मातीत जिरत चालला होता. शेजारच्या वस्तीवर चौकशी केली, तेव्हा कळले की आम्ही गेल्यानंतर काही क्षणांतच एक दूधवाला तेथे पडला. मनगटाचे हाड मोडले. लोकांनी त्याला दवाखान्यात नेले आणि मग रस्ता साफ केला. आम्ही वळणापलीकडे गेलो होतो, त्यामुळे आम्हांला काही ऐकू आले नाही. आम्ही वेदीपुढे उभे राहून देवदूतांच्या हातांविषयी बोलत होतो, तेव्हा तो माणूस प्लास्टरची वाट पाहत बसला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच्या घरी गेलो. त्याने राग धरला नव्हता. आम्हांला बसावयास गोणपाट अंथरले. बोलता बोलता तो म्हणाला, "मी तुमच्या मागंच होतो फादर, लांब. तुमची सायकल जराशी हलली, पण तुम्ही तसंच पुढं गेलात. म्हटलं, वाट बरी असंल."

हे वाक्य आम्ही विसरू शकलो नाही. आम्ही केवळ इशारा दिला नाही, एवढेच घडले नव्हते. आमचे सुखरूप पार पडणे हाच त्याच्यासाठी एक खोटा निरोप ठरला होता. 'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' अशी आपली म्हण आहे. पण पुढच्याला ठेच लागता लागता चुकली आणि तो न थांबता निघून गेला, तर मागच्याने शहाणे कसे व्हावे? म्हण खरी ठरण्यासाठी पुढच्याने मागे वळून हाक द्यावी लागते.

येथे पहिला प्रश्न श्रद्धेचा आहे. आम्ही म्हणालो, "देवाने मला वाचवले." मग दूधवाल्याला देवाने का वाचवले नाही? तो आमच्याहून अधिक पापी होता काय? प्रभू येशूपुढे हाच प्रश्न वेगळ्या रूपात आला होता. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे ठार झाली, तेव्हा ती इतर यरुशलेमकरांहून अधिक अपराधी होती काय, असे प्रभूनेच श्रोत्यांना विचारले आणि स्वतःच 'नाही' असे उत्तर दिले. लूकच्या शुभवर्तमानातील तेराव्या अध्यायात हा उतारा आहे. प्रभूने बुरुजाखाली सापडलेल्यांचा हिशेब मांडला नाही. वाचलेल्यांना पश्चात्तापाचे आवाहन केले. म्हणजे वाचणे ही लायकीची पावती नव्हे, ती हाक आहे. बापाचा पाऊस नीतिमानांवर पडतो तसाच अनीतिमानांवरही पडतो. त्या रात्रीचा परतीचा पाऊसही धर्मगुरूच्या आणि दूधवाल्याच्या वाटेवर सारखाच पडला होता.

आणखी एक गोष्ट आम्हांला नंतर आठवली आणि आम्ही ओशाळलो. आम्ही प्रवचनात आठवून दिलेले ते देवदूतांचे स्तोत्र शुभवर्तमानातही येते; पण तेथे ते कोणाच्या मुखी आहे? मंदिराच्या शिखरावर प्रभूला मोहात पाडणाऱ्या सैतानाच्या! स्तोत्र पवित्रच आहे; परंतु देवाच्या राखणीचा आधार घेऊन स्वतःचे कर्तव्य टाळावयाचे ठरवले, की पवित्र वचनाचाही दुरुपयोग होतो. आभार मानावेत, अवश्य मानावेत. पण 'देवाने मला वाचवले' या वाक्यातला 'मला' हा शब्द जपून वापरावा. मिळालेली कृपा ही मागून येणाऱ्यासाठी आपल्या हाती दिलेली ठेव असते.

दुसरा प्रश्न अपराधाचा. ज्यांच्या बागेतील त्या काड्या होत्या, त्या गृहस्थांनाही आम्ही भेटलो. सज्जन माणूस. दूधवाल्याच्या औषधपाण्याचा खर्च त्यांनी न मागता दिला होता. ते खिन्नपणे म्हणाले, "फादर, दरवर्षी काड्या बांधावरच टाकतो. थोड्याफार रस्त्यावर येतात. आजवर कोणी पडलं नव्हतं."

वाचकहो, या वाक्यावर क्षणभर थांबू या. काड्या मागच्या वर्षीही तेथेच पडल्या होत्या. निष्काळजीपणा तेवढाच होता. मागच्या वर्षी कोणी पडले नाही म्हणून त्यांना रात्री शांत झोप लागली. या वर्षी एक माणूस पडला म्हणून त्यांना अपराधी वाटले. मग हे गृहस्थ या वर्षी मागच्या वर्षीपेक्षा अधिक वाईट झाले काय? त्यांच्या वागण्यात तर तसूभर फरक पडला नव्हता. फरक पडला तो पावसात, वेळेत आणि मागून येणाऱ्या सायकलीत. १९७६ साली बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या दोन तत्त्वज्ञांनी हा प्रश्न 'नैतिक नशीब' या नावाने मांडला आणि त्यावर पुष्कळ वाद झाले. ज्यावर आपली सत्ता नाही, त्याने आपले पाप-पुण्य ठरावे काय, असा तो पेच आहे.

आमच्या सेमिनरीतील शिक्षणाने आम्हांला याचे एक उत्तर दिले होते; आम्ही ते परीक्षेपुरते पाठ केले होते. संत थॉमस अक्वायनस सांगतात की एखाद्याच्या हातून नकळत मृत्यू घडला, तर त्याने योग्य ती काळजी घेतली होती की नाही हे पाहावे. काळजी घेतली नसेल, तर 'माझा हेतू नव्हता' एवढ्याने तो दोषमुक्त होत नाही. सावधपणा आणि भोवतालचे भान यांना त्यांनी विवेक या सद्गुणाचे घटक मानले आणि हयगयीची गणना दोषांत केली. याचा अर्थ असा की दोषाचे मूळ हयगयीत आहे. दुखापत झाली की तो उघडकीस येतो आणि नुकसानभरपाईचे कर्तव्य त्याला जोडले जाते. पण तो जन्मलेला असतो त्याआधीच.

पवित्र शास्त्रातील नियमशास्त्राने तर हे फार पूर्वी ओळखले होते. निर्गमच्या एकविसाव्या अध्यायात एक नियम आहे: कोणी खड्डा खणून तो उघडा ठेवला आणि त्यात बैल किंवा गाढव पडले, तर खणणाऱ्याने भरपाई करावी. हा झाला अपघातानंतरचा नियम. पण त्याच अध्यायात मारक्या बैलाविषयीही नियम आहे. बैल पूर्वीपासून मारका आहे हे ठाऊक असून, ताकीद मिळूनही मालकाने त्याला आवरले नाही, तर मालकाचा अपराध कितीतरी जड धरला जातो. पहिली धडक ही ताकीद असते, असे तो नियम मानतो. आणि अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात याहून सुंदर आज्ञा आहे: नवे घर बांधशील तेव्हा धाब्याला कठडा कर, नाहीतर कोणी पडल्यास तुझ्या घरावर रक्ताचा दोष येईल. कोणी पडल्यावर कठडा बांध, असे ती आज्ञा म्हणत नाही. अजून कोणी पडलेले नाही, कदाचित कधी पडणारही नाही, तरी कठडा हवा. परमेश्वराला अजून न पडलेल्या माणसाचीही काळजी आहे.

आपल्या देशाच्या कायद्यातही या विचाराचा अंश आहे. सार्वजनिक वाटेवर आपल्या कृतीने किंवा आपल्या ताब्यातील वस्तूची व्यवस्था न ठेवल्याने कोणास धोका, अडथळा किंवा इजा होईल असे करणे हा अपराध आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेत त्याला २०० रुपयांपर्यंत दंड होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या २८५ व्या कलमात तो ५,००० रुपयांपर्यंत आहे. कायद्याला इजेची वाट पाहावी लागत नाही, धोका पुरतो. धर्मशिक्षणही तेच सांगते. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात पाचव्या आज्ञेच्या विवेचनात, मद्याच्या अमलाखाली किंवा वेगाच्या हव्यासाने रस्त्यावर स्वतःची आणि इतरांची सुरक्षितता धोक्यात आणणाऱ्यांना गंभीर दोष लागतो, असे शिकवले आहे. तेथेही धोका हाच शब्द निर्णायक आहे. 'खून करू नकोस' ही आज्ञा ऐकून आपण निर्धास्त असतो, कारण आपण कोणावर शस्त्र उगारलेले नसते. पण ती आज्ञा रस्त्यावरच्या काडीपर्यंत पोहोचते.

या ठिकाणी दोषाची वाटणी करताना आपण उतावीळ होऊ नये. रस्त्यावर सांडलेल्या टोमॅटोलाही एक इतिहास असतो. २०२१ च्या ऑगस्टमध्ये टोमॅटोचे भाव इतके कोसळले, की तोडणीचा आणि वाहतुकीचा खर्चही निघेना, आणि नाशिक व औरंगाबाद जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी क्रेटच्या क्रेट रस्त्यावर ओतले. त्या लाल लगद्यात कोणाचे तरी कर्ज होते, कोणाच्या तरी मुलीची फी होती. ज्याचे घामाचे पीक मातीमोल झाले, त्याला रस्त्याच्या स्वच्छतेवर प्रवचन देणे सोपे आहे आणि निर्दयपणाचेही आहे. तरीही मागून येणाऱ्या सायकलस्वाराने ते भाव पाडलेले नसतात. एका दुर्बळाचे दुःख दुसऱ्या दुर्बळाच्या चाकाखाली येते. अन्याय रस्त्यावर असाच उतरत जातो आणि शेवटी ज्याच्याजवळ सर्वांत कमी संरक्षण आहे, त्याच्यापाशी येऊन थांबतो.

आता तिसरा प्रश्न. आणि तो आमच्या दृष्टीने सर्वांत जड आहे. तो काड्या टाकणाऱ्याचा नाही, वाचलेल्याचा आहे. आम्ही काड्या टाकल्या नव्हत्या. रस्ता आमच्या मालकीचा नव्हता. पण त्या क्षणी, त्या वळणावर धोका आहे हे ज्ञान जगात बहुधा आमच्याखेरीज कोणाजवळ नव्हते. ट्रॅक्टर निघून गेला होता. बागाईतदार घरी होते. ते ज्ञान आम्हांला फुकट मिळाले होते आणि ते आम्ही स्वतःजवळ ठेवून निघून गेलो.

१ डिसेंबर १९७४ रोजी अमेरिकेत वॉशिंग्टनजवळ एक प्रवासी विमान डोंगरावर आदळून ९२ माणसे मृत्यू पावली. चौकशीत आढळले की सुमारे सहा आठवड्यांपूर्वी दुसऱ्या एका कंपनीचे विमान त्याच ठिकाणी, त्याच गैरसमजामुळे आदळता आदळता वाचले होते. त्या वैमानिकांनी आपल्या कंपनीला कळवले, कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केले. पण इतर कंपन्यांच्या वैमानिकांपर्यंत तो निरोप पोहोचला नाही. पुढच्याची ठेच चुकली आणि मागचे ९२ जण गेले. या घटनेनंतर १९७६ साली अमेरिकेत अशी व्यवस्था उभी राहिली, की थोडक्यात टळलेल्या अपघातांची माहिती वैमानिकांनी विनासंकोच कळवावी. कळवणाऱ्याचे नाव गुप्त राहील आणि माहिती सर्वांना मिळेल. आम्हां धर्मगुरूंना ही व्यवस्था ओळखीची वाटते. जी चूक सांगता येते, तिच्यातून बरे होण्याची वाट निघते. जी झाकली जाते, ती दुसऱ्याच्या जिवावर बेतते.

पापनिवेदनाची तयारी करताना आपण विचार, शब्द आणि कृती यांनी केलेली पापे आठवतो. प्रत्येक मिस्साच्या आरंभी आपण त्यांत चौथी गोष्टही जोडतो: जे करावयाचे होते आणि केले नाही. ती म्हणताना आपले लक्ष बहुधा पुढच्या ओळीकडे गेलेले असते. त्या रविवारीही आम्ही छातीवर हात ठेवून ती ओळ म्हटली होती, आणि अर्ध्या तासापूर्वी जे केले नव्हते ते आम्हांला आठवले नाही! चांगल्या शोमरोनीच्या दाखल्यात एक याजक येतो. जखमी माणसाला पाहून तो रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने निघून जातो. आजवर किती वेळा आम्ही त्या याजकावर टीका केली असेल! त्याने निदान घायाळ झालेल्याला ओलांडले. आम्ही घायाळ होण्याआधीच त्याला ओलांडून गेलो.

यावर कोणी म्हणेल, "फादर, अशाने तर जगणे कठीण होईल. रस्त्यावर पावलोपावली काही ना काही पडलेले असते. प्रत्येक काडीचा दोष माथी घेतला, तर माणूस घरी पोहोचणार कधी? आणि रस्ते स्वच्छ ठेवणे हे नगरपालिकेचे, ग्रामपंचायतीचे काम नव्हे काय?" हा आक्षेप रास्त आहे. फाजील दोषभावना हा सद्गुण नव्हे. नीतिशास्त्राचे आचार्य संत अल्फोन्सस लिगोरी स्वतः या व्याधीने आयुष्यभर पीडित होते, म्हणून तिच्याविषयी त्यांनी कनवाळूपणे लिहिले. देव आपल्याकडून जगातील सर्व रस्ते झाडण्याची अपेक्षा करीत नाही. ज्या जागी आपला पाय घसरला, ती जागा मात्र आपल्याला दाखवून दिलेली असते. कर्तव्याची मर्यादा तेथे आपोआप आखली जाते. थांबता येण्याजोगे असेल तर थांबावे. हाताने सरकवता येण्याजोगे असेल तर सरकवावे. नसेल तर फांदी रोवून खूण करावी, मागून येणाऱ्याला हात करून सांगावे, ज्याचे काम आहे त्याला कळवावे. यंत्रणेचे कर्तव्य आहेच आणि ते तिच्याकडे नेटाने मागितलेच पाहिजे. पण यंत्रणा सोमवारी सकाळी कचेरी उघडल्यावर येते, आणि दूधवाला रविवारी सकाळी येतो.

हातातल्या खराट्याने गावचे रस्ते झाडणारे संत गाडगेबाबा महाराष्ट्राला ठाऊक आहेत. आपल्या नाशकात त्यांची धर्मशाळा आहे, गोदावरीवर त्यांच्या नावाचा पूल आहे. बाबा गावात शिरत, आधी झाडू लागत आणि रात्री कीर्तन करीत. त्या क्रमात फार मोठे धर्मज्ञान आहे, असे आम्हांला अलीकडे वाटू लागले आहे. आमचा क्रम उलटा झाला होता: आम्ही आधी कीर्तन केले आणि झाडणे दुसऱ्यावर सोपवले.

दूधवाल्याचे मनगट दोन महिन्यांनी बरे झाले. पण थंडीत दुखते, असे तो सांगतो. मधल्या काळात वस्तीवरची मुले आळीपाळीने त्याचे दूध पोहोचवीत होती. बागाईतदार आता काड्या रस्त्याच्या विरुद्ध बाजूच्या बांधावर टाकतात. आमच्या धर्मग्रामातील तरुणांनी एक प्रथा सुरू केली आहे. जपमाळेच्या महिन्यातील शनिवारी जपमाळ झाली, की ते खराटे आणि फावडी घेऊन त्या रस्त्याने जातात आणि रविवारी पहाटे निघणाऱ्यांसाठी वळणे साफ करून ठेवतात. आरंभी चार जण होते. आता शेजारच्या मळ्यांतील इतर धर्मांची मुलेही येतात. जपमाळेला नव्हे, खराट्याला. आजी मात्र कशात सहभागी होत नाहीत, कारण त्या गेल्या नोव्हेंबरात, मृतांच्या महिन्यात, प्रभूकडे गेल्या. त्यांच्या अंत्यविधीत आम्ही फार बोललो नाही. त्यांनी विचारलेला प्रश्न तेवढा सांगितला.

तेव्हा वाचकहो, पुढच्या वेळी काळ येऊन वेळ न आल्याने आपण सुखरूप घरी पोहोचाल, तेव्हा देवाचे आभार अवश्य माना. पण पाणी पिण्यापूर्वी स्वतःला आजींचा प्रश्न विचारा. उत्तर 'नाही' असे आले, तर चहा थोडा उशिरा झाला तरी चालेल. पुन्हा सायकल काढा. कदाचित अजून कोणी त्या वळणावर पोहोचले नसेल.